मै शिदियाक: न्यूजडेस्क, मंत्रिमंडळ आणि मधला एक रविवार

25 सप्टेंबर 2005, रविवार. सकाळी लेबनॉनच्या एलबीसी चॅनेलवर 'नहारकुम सईद' हा टॉक शो झाला, नावाचा अर्थ साधारण 'तुमचा दिवस छान जावो'. विषय होता माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या खुनाचा तपास, आणि त्यात शेजारच्या सीरियाचा हात असू शकतो का हा. शो घेणारी अँकर होती मै शिदियाक. रविवार म्हणून नंतर ती एका मठात दर्शनाला जाऊन आली, आणि मग बैरुतच्या उत्तरेला जुनिये शहराजवळ आपल्या गाडीत बसली तर सीटखाली लावलेला बॉम्ब फुटला. डावा हात गेला, डावा पाय गेला. जीव वाचला.

पुढे 2019 मध्ये हीच बाई लेबनॉनच्या मंत्रिमंडळात मंत्री म्हणून बसली.

एवढंच वाचलं तर एक छान प्रेरणादायी गोष्ट वाटते, आणि ती आहेच, पण तिथेच थांबलं तर अर्धी गोष्ट हातातून सुटते. कारण लगेच प्रश्न येतात की एका टीव्ही अँकरला मारायला बॉम्ब का लागावा, पत्रकार बाई एका पक्षाकडून मंत्री कशी काय झाली, मग ती आधी निष्पक्ष होती का, आणि नऊ महिन्यांच्या आत मंत्रिपद सोडलं का. या सगळ्याची उत्तरं लेबनॉन हा देश चालतो कसा त्यात आहेत. तो जरा गुंतागुंतीचा मामला आहे, पण उलगडून सांगता येतो, तेच करतोय.

आधी नावाचं. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपण 'मे चिडियाक' वाचतो, पण अरबीत ते मै शिदियाक आहे. 'च' दिसतो तो फ्रेंच पद्धतीच्या स्पेलिंगमुळे, फ्रेंचांचं राज्य होतं ना तिथे, त्यामुळे लेबनॉनमधली ख्रिश्चन नावं बरीचशी अशीच लिहिली जातात. शिदियाक हा शब्द मूळचा चर्चमधल्या एका खालच्या पदाचा, पुढे तो आडनाव झाला. म्हणजे आडनावावरूनच कळतं की घर मारोनाइट, म्हणजे लेबनॉनमधल्या एका मोठ्या ख्रिश्चन पंथाचं. आणि लेबनॉनमध्ये तुम्ही कुठल्या पंथाचे यावर फार काही ठरतं.

किती ठरतं ते बघा. देश एवढासा, साडेदहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. त्यात सरकारमान्य पंथ 18. राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिश्चनच हवा, पंतप्रधान सुन्नी मुस्लिमच, संसदेचा सभापती शिया मुस्लिमच. हा 1943 सालचा अलिखित करार, स्वातंत्र्य मिळताना केलेला, आणि तो अजून चालू आहे. संसदेत 128 जागा, त्यातल्या अर्ध्या ख्रिश्चनांच्या, अर्ध्या मुस्लिमांच्या, आणि त्यातही पुन्हा कुठल्या पंथाला किती हे ठरलेलं. मतदान मात्र मतदारसंघातले सगळे करतात, फक्त त्या जागेवर उभं कुणी राहायचं ते पंथाप्रमाणे. ही विभागणी ज्या जनगणनेवरून सुरू झाली ती 1932 ची आहे. त्यानंतर अधिकृत जनगणना झालीच नाही, कारण आकडे बदलले असणार हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते कागदावर आले तर कुणाचा तरी वाटा कमी होणार, म्हणून त्या फाइलला कुणी हात लावत नाही.

1975 ला यादवी युद्ध पेटलं, ते 1990 पर्यंत चाललं. मै साठच्या दशकातली, म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा ती शाळेत होती आणि संपलं तेव्हा नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. सगळं तरुणपण त्यातच गेलं. आणि तिची नोकरी पण युद्धातूनच आलेली, हे महत्त्वाचं आहे.

एलबीसी हे चॅनेल 1985 ला सुरू झालं, युद्धाच्या मध्यावर. सुरू केलं 'लेबनीज फोर्सेस' नावाच्या ख्रिश्चन मिलिशियाने, म्हणजे सरळ सशस्त्र संघटनेने.  सरकारी टीव्ही कंटाळवाणा होता, हे लोक सिरियल, गेम शो, चटपटीत बातम्या असं सगळं घेऊन आले आणि बघता बघता मुस्लिम घरांमध्ये पण एलबीसी लागायला लागलं. मै अगदी सुरुवातीपासून तिथे. युद्ध संपल्यावर 1994 ला कायदा आला की टीव्ही चालवायचा तर लायसन्स घ्या, आणि मग 1996 च्या सुमाराला लायसन्स वाटली गेली ती पण पंथ आणि नेते बघूनच. हरीरींचं 'फ्यूचर टीव्ही', सभापती नबीह बेर्री यांच्या गटाचं 'एनबीएन', ख्रिश्चन प्रेक्षकांचं एलबीसी, गॅब्रिएल मुर यांचं 'एमटीव्ही' (गाण्यांचं ते नव्हे, लेबनॉनचं वेगळं), पुढे हिजबुल्ला या शिया सशस्त्र पक्षाचं 'अल मनार'. सीरियाविरोधी भूमिका घेणाऱ्या एमटीव्हीला 2002 मध्ये सरळ टाळं ठोकलं, ते 2009 पर्यंत बंद होतं.

म्हणजे प्रत्येक मोठ्या गटाचं एक चॅनेल. तिथे अँकर असणं म्हणजे कुठल्या ना कुठल्या बाजूला असणंच. प्रेक्षकांनाही ते माहीत असतं, ते दोन-तीन चॅनेल फिरवून मधलं खरं काय असेल ते आपलं आपण काढतात. मै शिदियाक निष्पक्ष होती असं मी म्हणणार नाही. ती नव्हती. तिचा कल लेबनीज फोर्सेसकडे होता, सीरियाविरोध तिने कधी लपवला नाही, आणि समोर बसलेल्या पाहुण्याला ती तोंडावर अडवायची. तिच्या बाजूच्या लोकांना ती धाडसी वाटायची, विरोधी बाजूला भडक. दोन्हीत तथ्य आहे.

आता सीरिया मध्ये कुठून आला. यादवीत, 1976 ला, सीरियन सैन्य लेबनॉनमध्ये शिरलं, शांतता आणायला म्हणून. ते परत गेलं 2005 च्या एप्रिलमध्ये. 29 वर्षं. युद्ध संपल्यावरही पंधरा वर्षं राष्ट्राध्यक्ष कोण, मंत्री कोण, यात शेवटचा शब्द दमास्कसचा असायचा. विरोध करणाऱ्यांना परदेशात जावं लागलं, नाहीतर तुरुंगात. युद्धानंतर राजकीय पक्ष बनलेल्या लेबनीज फोर्सेसवर 1994 मध्ये बंदी आली आणि त्यांचा नेता समीर जाजा 11 वर्षं संरक्षण मंत्रालयाच्या तळघरातल्या कोठडीत एकटा होता. तो काही साधा माणूस नाही, यादवीतल्या खुनांसाठी, त्यात तेव्हाचे पंतप्रधान रशीद करामी यांचाही खून आला, त्याला शिक्षा झाल्या होत्या. पण युद्धात हात रंगलेले बाकीचे बहुतेक पुढारी सर्वसाधारण माफीच्या कायद्यामुळे सुटले, काही तर मंत्री झाले, आणि आत गेला तो हाच, ही गोष्ट त्याच्या समर्थकांच्या मनात कायम राहिली. मै ज्या चॅनेलवर बातम्या देत होती त्याची मुळं या पक्षात, आणि पक्षावर बंदी. ती सगळी वर्षं तिने कॅमेऱ्यासमोर काढली, काय बोलायचं आणि कुठे थांबायचं याचा रोज अंदाज घेत.

2004 ला सीरियाच्या दबावाखाली राष्ट्राध्यक्ष एमिल लहूद यांची मुदत तीन वर्षांनी वाढवली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 1559 केला, परकीय सैन्याने निघून जावं म्हणून. ऑक्टोबरमध्ये मुदतवाढीला विरोध करणारे मरवान हमादे यांच्या गाडीशेजारी स्फोट झाला, ते वाचले. 14 फेब्रुवारी 2005 ला बैरुतच्या समुद्रकिनारी रस्त्यावर प्रचंड स्फोट झाला, त्यात रफिक हरीरी आणि आणखी 21 जण गेले. मग लाखो लोक रस्त्यावर उतरले. 8 मार्चला हिजबुल्लाने सीरियाचे आभार मानायला मोर्चा काढला, 14 मार्चला त्याला उत्तर म्हणून त्याहून मोठा मोर्चा निघाला, आणि तिथून लेबनॉनच्या राजकारणात '8 मार्चवाले' आणि '14 मार्चवाले' असे दोन गटच पडले. अजूनही जुने लोक त्याच नावांनी बोलतात. 26 एप्रिलला शेवटचा सीरियन सैनिक गेला.

सैन्य गेलं, पण त्यानंतर खून सुरू झाले. 2 जूनला 'अन नहार' पेपरचा स्तंभलेखक समीर कसीर, त्याच्या गाडीत बॉम्ब. 21 जूनला कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस जॉर्ज हावी, गाडीतच. 12 जुलैला संरक्षणमंत्री एलियास मुर जखमी. 30 ऑगस्टला हरीरी तपासात चार लेबनीज जनरलना पकडलं, जर्मन तपास अधिकारी डेटलेव्ह मेहलिस यांचा रिपोर्ट येणार येणार अशी चर्चा रोज. या सगळ्यात सकाळच्या शोमध्ये बसून मै हे विषय काढत होती. यादीतली पुढची ती निघाली. तिच्यानंतर 12 डिसेंबरला 'अन नहार'चे प्रमुख आणि खासदार जिब्रान तुएनी यांचा खून झाला. एका वर्षात तीन पत्रकार, दोन गेले, एक वाचली.

तिघेही एकाच विचाराचे नव्हते हे लक्षात घ्या. कसीर डावा, वडील पॅलेस्टिनी आणि आई सीरियन, जाजाच्या लोकांशी त्याचं कधी जमलं नसतं. जमलं एवढ्याच बाबतीत की सीरियाने जावं. मारणाऱ्याला बाकीच्या मतभेदांशी देणंघेणं नव्हतं.

गाडीतल्या बॉम्बबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण 'हल्ल्यात जखमी' हे शब्द वाचून आपण पुढे जातो. सीटखाली लावलेला बॉम्ब म्हणजे कुणीतरी तुमची गाडी ओळखतो, ती कुठे उभी असते ते त्याला माहीत असतं, तो कधीतरी तुमच्या गाडीखाली वाकलेला असतो आणि तुम्ही दार उघडून रोजच्यासारखे बसता. त्यानंतर आयुष्यभर कुठल्याही गाडीत बसताना काय वाटत असेल. मैवर पंचवीसच्या वर ऑपरेशन झाली, आधी बैरुतमध्ये, मग फ्रान्समध्ये कित्येक महिने. भाजलेल्या कातडीची, हाडांची, कृत्रिम पाय बसावा म्हणून उरलेल्या पायाची. चाळिशीतली बाई पुन्हा उभं राहायला शिकत होती. जिचं सगळं काम कॅमेऱ्यासमोर दिसण्याचं, तिने आता एक हात नसताना कागद कसे धरायचे, इयरपीस कसा लावायचा, पाहुण्याला बोलता बोलता हाताने कसं थांबवायचं, सगळं नव्याने बसवलं.

ती घरी बसली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. ती परत आली. साधारण वर्षभराने एलबीसीवरच तिचा नवा शो सुरू झाला, 'बि कुल जुरआ', म्हणजे 'पूर्ण धाडसाने'. 2006 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लेबनॉन आणखी एका युद्धातून गेला, इस्रायल-हिजबुल्ला युद्ध. त्याच वर्षी युनेस्कोचा गिलेर्मो कानो वृत्तपत्र स्वातंत्र्य पुरस्कार तिला मिळाला. कानो हे कोलंबियातले संपादक, ड्रग माफियाविरुद्ध लिहायचे, 1986 ला बोगोटात ऑफिसच्या बाहेर त्यांना गोळ्या घातल्या. हा पुरस्कार 3 मे 2006 ला श्रीलंकेत कोलंबोला दिला गेला, आणि त्याच्या आदल्याच रात्री तिकडे जाफन्यात 'उदयन' या तमिळ पेपरच्या ऑफिसात बंदूकधारी घुसले आणि दोन कर्मचाऱ्यांना ठार केलं. वृत्तपत्र स्वातंत्र्याचा जागतिक सोहळा होता त्याच देशात, त्याच आठवड्यात.

पुढची अडीचएक वर्षं ती एलबीसीवर होती. मधल्या काळात चॅनेल नक्की कुणाचं यावरून भांडण पेटलं होतं, जाजा तुरुंगातून सुटून आलेला (तो सुटला 2005 च्या जुलैमध्ये, मैवर हल्ला व्हायच्या दोन महिने आधी), त्याचा पक्ष म्हणत होता चॅनेल आमचं, आणि चालवणारे पियर दाहेर म्हणत होते आता आमचं. कोर्टकचेऱ्या झाल्या. फेब्रुवारी 2009 मध्ये मैने लाइव्ह शोमध्येच राजीनामा जाहीर केला. जिथे 1985 पासून होती तिथून प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर निघून गेली. तेवढ्यात तिने पॅरिसच्या पँथिऑन-आसास विद्यापीठातून पीएचडी पण पूर्ण केली होती, आणि नंतर स्वतःच्या नावाची संस्था काढून पत्रकारांना ट्रेनिंग, परिषदा हे सुरू केलं.

राजकारणात बायकांचं तिथे काय चालतं ते थोडक्यात. मतदानाचा हक्क 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला, पहिली महिला खासदार मिर्ना बुस्तानी 1963 ला, वडील विमान अपघातात गेले म्हणून त्यांच्या जागी. लेबनॉनमध्ये म्हणतातच की बायका संसदेत काळे कपडे घालून येतात, म्हणजे कुणाची तरी विधवा, मुलगी, बहीण म्हणून, घरातला पुरुष गेल्यावर. 2009 मध्ये जिब्रान तुएनींची मुलगी नायला, ती पण पत्रकारच, निवडून आली, तेही याच वाटेने. 2018 च्या निवडणुकीत 128 पैकी फक्त 6 बायका. त्यातली एक पॉला याकुबियान ही टीव्ही मुलाखतकार, ती मात्र कुठल्याही जुन्या पक्षाशिवाय आली. मैचं यात वेगळेपण असं की ती कुणाच्या मागे काळे कपडे घालून आली नाही, जे गमावलं ते तिने स्वतःचं गमावलं होतं. पण ती निवडूनही आलेली नव्हती. लेबनॉनमध्ये मंत्री व्हायला खासदार असावं लागत नाही, पक्षाच्या वाट्याला आलेल्या खात्यावर पक्ष नाव देतो.

31 जानेवारी 2019 ला साद हरीरी यांचं, म्हणजे रफिक यांच्या मुलाचं, 30 मंत्र्यांचं सरकार बनलं. निवडणूक झाली होती आदल्या मे महिन्यात. खाती वाटायला जवळजवळ नऊ महिने गेले. त्यात चार बायका, त्या देशासाठी ही मोठीच गोष्ट होती, राया अल हसन तर गृहमंत्री, अरब जगातली पहिली महिला गृहमंत्री. लेबनीज फोर्सेसच्या वाट्यातून मैकडे आलं प्रशासकीय विकासाचं राज्यमंत्रिपद. हे खातं म्हणजे सरकारी कामकाज सुधारणं, कागद कमी करून ऑनलाइन आणणं, भ्रष्टाचारविरोधी धोरण, आणि युरोपच्या पैशातून उभे केलेले कचरा प्रक्रिया प्रकल्पही याच खात्याकडे होते. ऐकायला ठीक आहे, पण खऱ्या अर्थाने त्यात ताकद नव्हती. ज्या देशात शिपायापासून संचालकापर्यंत प्रत्येक नोकरी पंथाच्या कोट्यातून आणि नेत्याच्या चिठ्ठीवर मिळते तिथे प्रशासन सुधारायचं म्हणजे त्याच टेबलावर बसलेल्या बाकीच्या मंत्र्यांच्या पोटावर पाय द्यायचा. आणि त्या टेबलावर हिजबुल्लाचेही मंत्री होते, सीरियाच्या मित्रपक्षांचेही. सगळ्या बाजू एकाच सरकारात घ्यायच्या, एक तृतीयांशाहून जास्त मंत्री एका गटाकडे असले की तो गट सरकार पाडू शकतो, याला तिथे 'अडवणारा तिसरा हिस्सा' म्हणतात, सगळी मारामारी त्या आकड्यासाठी. 30 च्या सरकारात तो आकडा 11. लेबनीज फोर्सेसकडे होते 4. म्हणजे नाराज व्हायचं, आवाज करायचा, पण अडवता काही येत नाही.

17 ऑक्टोबर 2019 ला सरकारने व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर कर लावायचा घाट घातला, महिन्याला साधारण 6 डॉलर. देशात आधीच डॉलर मिळेनासे झालेले, वीज रोज कित्येक तास जायची, आणि हे. त्या रात्री लोक रस्त्यावर आले ते परत गेलेच नाहीत. कर काही तासांत मागे घेतला पण लोकांची घोषणा ठरून गेली होती, 'कुल्लुन यअनी कुल्लुन', सगळे म्हणजे सगळे. म्हणजे एकही नेता वगळायचा नाही, जाजाही नाही. 19 ऑक्टोबरला लेबनीज फोर्सेसच्या चारही मंत्र्यांनी राजीनामे दिले, मै त्यातली एक. दहा दिवसांनी हरीरींनीही सोडलं.

मंत्री म्हणून तिने फार काही केलं असं मला म्हणता येत नाही. नऊ महिन्यांपेक्षा कमी वेळ, कमजोर खातं, बुडत चाललेलं सरकार. ती पक्षाबरोबर आली, पक्षाबरोबर गेली. 'सगळे म्हणजे सगळे' ओरडणाऱ्या पोरांच्या दृष्टीने तीही त्या सगळ्यांतलीच होती, आणि ते ज्या व्यवस्थेविरुद्ध उभे होते तिचा भाग ती होतीच. पण तिच्यावरच्या हल्ल्याचं मोल त्यामुळे कमी होत नाही. माणूस एका बाजूचा असला म्हणून त्याच्या सीटखाली बॉम्ब लावणं थोडंसं सुद्धा समजण्यासारखं होत नाही. पत्रकारावर हल्ला झाला की लगेच 'तो कुठे निष्पक्ष होता' हा प्रश्न येतो, तो प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो.

आणि न्यायाचं काय झालं. हरीरी खुनासाठी हेग शहराजवळ आंतरराष्ट्रीय स्पेशल ट्रिब्युनल बसलं, मार्च 2009 मध्ये, मैने एलबीसी सोडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात. ऑगस्ट 2020 ला निकाल आला, हिजबुल्लाशी संबंधित सलीम अय्याश दोषी ठरला, तोही गैरहजेरीत, कारण त्याला कधी कुणी पकडून दिलंच नाही. बैरुत बंदराचा स्फोट होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते, शहर अजून काचा झाडत होतं. हरीरींच्या केसशी धागा जुळतो म्हणून या कोर्टाने आणखी तीन हल्ले आपल्याकडे घेतले: मरवान हमादे, जॉर्ज हावी, एलियास मुर. समीर कसीर त्यात नाही. जिब्रान तुएनी नाही. मै शिदियाक नाही. पुढे पैसे संपले आणि 2023 च्या शेवटी ट्रिब्युनलच बंद झालं.

त्या रविवारी तिच्या गाडीखाली कोण वाकलं होतं, त्यासाठी आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही.